कानफाट्याचं खानदान

६ ऑक्टोबर, रविवार

मोरीतला साबण उंदराने खाल्ला. सगळा नाही, एक कोपरा. पण दातांच्या रेघा इतक्या सरळ, की आमच्या शाळेतल्या पोरांनी वहीत समास तरी तसा आखला असता तर मी त्यांना डोक्यावर घेऊन नाचले असते. वहिनीला म्हटलं, उंदीर आता हात धुऊन जेवायला बसतात वाटतं. एरवी ती हसली असती. आज हसली नाही, कारण सकाळचा फोन.

झालं असं की बबडीचा फोन आला, चेहरा दिसणारा. बबडी म्हणजे वहिनीची लेक, माझी भाची. शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे, तिच्या समोरून जाताना लोक म्हणे आवाज खाली करतात, पण आमच्यासाठी ती बबडीच. वहिनी फोनपुढे बसून तिला सांगत होती की घर कसं लख्ख आहे, आणि तेवढ्यात तिच्या मागच्या फळीवरून एक उंदीर या टोकापासून त्या टोकाला गेला. पळत नाही, चालत. मध्ये थांबून त्याने एका डब्याचं झाकणही हुंगलं. बबडी तिकडून किंचाळली आणि तिच्या हातून फोन पडला.

फोन उचलल्यावर ती जे म्हणाली ते शब्दाला शब्द लिहून ठेवते. "नोव्हेंबरच्या शेवटी मी येतेय. घरात एक जरी उंदीर दिसला तर आईला घेऊन जाणार. पाहुणी म्हणून नाही, कायमची."

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बघू.

दादा गेल्यापासून आम्ही दोघी नणंद-भावजय या घरात राहतो. गावाच्या टोकाला घर, पुढे रस्ता, मागे खुराडं आणि कुंपण. लोकांना वाटतं आमचं फार जमतं. जमत वगैरे काही नाही, सवय झालीय. ती गेली तर मला काय, दोन्ही मजले माझे, रेडिओ हवा तेवढा मोठा. पण एका उंदराने यावं आणि आमच्या घरातलं माणूस कमी करून जावं, हे मला चालणार नाही. सगळा जन्म शाळेत खेळ शिकवण्यात गेला, अजून गावात माझं नाव शिट्टीबाई आहे. हरायची मला सवय नाही. आजपासून मोहीम, आणि मोहिमेची हकीकत इथे.

८ ऑक्टोबर

हार्डवेअरच्या दुकानात दोघी गेलो. विष, चिकटपट्टी आणि पिंजरा, असे तीन प्रकार निघाले. मी विषाला तयार होते. वहिनी म्हणाली, विष खाऊन उंदीर खुराड्यात मेला आणि कोंबडीने चोच मारली तर? चिकटपट्टी बघून तर तिचं तोंडच उतरलं. "वन्सं, त्याने साबण खाल्लाय, खून नाही केला," असं दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली. राहिला पिंजरा. तारेचा, आत आकडा, आमिष ओढलं की दार पडतं.

दुकानदाराने बजावलं की सुरुवातीला दार बांधून उघडंच ठेवा आणि आत खायला ठेवत जा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. एकदा सवय झाली की जावयासारखा येतो.

घरी येऊन कामाची वाटणी केली. पिंजरा, आमिष आणि डावपेच माझ्याकडे. पकडलेला उंदीर पुलापलीकडे नेऊन सोडायचं वहिनीकडे. जीवदया तिची, तेव्हा पायपीटही तिची. यावरून मी उंदराला घाबरते असा अर्थ कोणी काढू नये. मला भीती वाटत नाही, किळस वाटते. फरक आहे.

१३ ऑक्टोबर

सापडला!

सकाळी स्वयंपाकघरातून खडखड ऐकू आली. मी स्टुलावर उभं राहून पाहणी केली (उंचावरून नीट दिसतं). करड्या रंगाचा, मिशा थरथरत होत्या, डावा कान अर्धा फाटलेला. शेंगदाणे मात्र एकूण एक संपवलेले. वहिनीने पिंजऱ्यावर जुना टॉवेल टाकला, त्याच्याशी काहीतरी गोड बोलली आणि मागच्या दाराने निघाली.

चहाला उकळी येतेय तोवर परत हजर. मी म्हटलं, एवढ्यात पुलापलीकडे जाऊन आलीस? म्हणाली, पाय उचलून चालले. या वयात हा वेग! माझ्या तावडीत तरुणपणी सापडली असती तर चालण्याच्या शर्यतीत उतरवली असती.

स्वयंपाकघराच्या दारावर खडूने एक रेघ मारली. एक-शून्य.

१६ ऑक्टोबर

दुसरा. आणि गंमत म्हणजे याचाही डावा कान फाटका. वहिनीला दाखवला. ती म्हणाली, "असतात हो, भाऊ-भाऊ असतील." तिचं बरोबर वाटतं. घराण्याची खूण असते काही ठिकाणी. आमच्याकडे नाही का सगळ्यांची नाकं दादासारखी.

१७ ऑक्टोबर

वहिनीने झोपायची गादी खालच्या खोलीत नेली. वर उकडतं म्हणे. उकडतं खरं.

२१ ऑक्टोबर

तिसरा, मग परवा चौथा, आज पाचवा. सगळ्यांचा डावा कान फाटलेला. मी या टोळीला कानफाट्याचं खानदान असं नाव दिलंय. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. आजचा परवाच्यापेक्षा चांगला जाड होता, म्हणजे मोठे मोठे आता बाहेर पडायला लागले. हीच वेळ असते जोर लावायची. समोरच्या संघाचे चांगले खेळाडू मैदानात आले की समजावं ते घाबरलेत.

न राहवून हार्डवेअरवाल्याला फोन केला आणि कानाचं सांगितलं. त्याने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "बाई, मी कधी उंदराच्या कानाकडे बघितलं नाही." धंदा करतात आणि निरीक्षण शून्य.

रात्री बबडीला आकडा कळवला. ती म्हणाली, आत्या, एवढे उंदीर होते घरात? मला वाटलं होतं शाबासकी देईल.

२६ ऑक्टोबर

एक जुनी युक्ती केली. रात्री स्वयंपाकघराच्या फरशीवर पीठ भुरभुरवलं, म्हणजे सकाळी पावलांवरून उंदरांची वाट कळते. वाट कळली. मागच्या दाराखालच्या फटीतून येतात, भिंतीच्या कडेकडेने फळीखाली जातात, तिथून सरळ पिंजऱ्यात. मध्ये कुठे रेंगाळणं नाही, इकडेतिकडे हुंगणं नाही. फार शिस्तीचं खानदान.

पिठात वहिनीचीही पावलं होती, पहाटे पाणी प्यायला उठली असणार. एक पाऊल नीट उमटलेलं, दुसरं फरफटत गेलेलं. म्हटलं, वहिनी, तुझी उजवी चप्पल सैल झालीय, पडशील एखाद्या दिवशी. नवी घे. ती बरं म्हणाली आणि लगेच झाडू घेऊन सगळं पीठ झाडून टाकलं. मला अजून मापं घ्यायची होती.

२ नोव्हेंबर

थंडी पडली. वहिनीला म्हटलं, आता वर ये झोपायला. म्हणाली, खाली ऊब असते. गेल्या महिन्यात खाली गार होतं, आता ऊब आहे. खोली तीच.

तिच्या पदराला औषधी तेलाचा वास येतो हल्ली. विचारलं तर म्हणाली, खुराड्याच्या दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात, त्यांना लावते. एवढं महागाचं तेल बिजागऱ्यांना! आणि कुरकुर तर अजून चालूच आहे.

५ नोव्हेंबर

आज एक गोष्ट दिसली आणि मन उगाच खट्टू झालं. वहिनीचं वरच्या खोलीतलं कपाट निम्मं रिकामं आहे. लुगडी, शाल, दादाचा फोटो, सगळं तिने थोडं थोडं करून खाली नेलंय. मला एका शब्दाने बोलली नाही. संध्याकाळचं फिरायला येणंही तिने बंद केलंय, रोज काहीतरी निमित्त. मी एकटीच जाऊन येते.

माणूस जायचं ठरवतं तेव्हा असंच आवरायला घेतं. जाऊ दे. लेकीकडे जावंसं वाटलं तर त्यात वाईट काय. मी कशाला तोंड पाडून बसू.

उंदीर मात्र सापडतोच आहे. आजचा इतका लठ्ठ की पिंजऱ्याच्या दारात अडकला होता.

९ नोव्हेंबर

मी आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी नेहमीप्रमाणे वहिनी पिंजरा घेऊन मागच्या दाराने गेली. मी वर स्वेटर शोधायला गेले होते, खिडकीतून मागचं अंगण दिसतं. वहिनी कुंपणापर्यंत गेली. कुंपणापर्यंतच. तिथल्या दगडावर बसली, टॉवेल काढला आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. उंदीर आरामात बाहेर आला, खुराड्याला वळसा घालून आमच्याच भिंतीला लावलेल्या लाकडांच्या ढिगात शिरला. जणू घरी आला. घरीच आला होता.

म्हणजे खानदान नाही, काही नाही. एकच कानफाट्या. तो रोज रात्री आमच्याकडे जेवायला येतो, सकाळी वहिनी त्याला टॉवेल पांघरून फिरायला नेते, आणि मी दारावर रेघा मारते. त्याचं अंग भरलं ते माझ्याच शेंगदाण्यांवर. डोंगर पोखरून उंदीर निघाला असता तरी चाललं असतं, मी तर उंदराचाच डोंगर केला.

हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण मला एकदम उमगलं की हे ती मुद्दाम करतेय. उंदीर घरात राहिला की बबडी तिला नेणार. तिला जायचंय, आणि तोंडाने सांगायचं नाही. सरळ म्हणाली असती, वन्सं, मला लेकीकडे जायचंय, तर मी अडवलं असतं का? बहुतेक अडवलं असतं. पण सांगायचं तरी.

१० नोव्हेंबर

बोलणं बंद.

११ नोव्हेंबर

बोलणं बंद. चहा मात्र माझ्या टेबलावर वेळेवर येतो, आणि आलं घातलेला येतो, कारण मला सर्दी झालीय. माणसाला धड रागावूही देत नाहीत.

१३ नोव्हेंबर

आज तोंड उघडावंच लागलं.

मी रस्त्यावरून परत आले तर घरात कुठे चाहूल नाही. हाका मारल्या. शेवटी जिन्यातून आवाज आला. वहिनी मधल्या पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून, घामाने डबडबलेली. मांडीवर माझा निळा स्वेटर. त्या दिवशी मला सापडला नव्हता तो. तो आणायला वर गेली, उतरताना उजवा गुडघा अडकला, आणि तशीच बसून राहिली. कितीतरी वेळ झाला असणार.

मी तिच्या खालच्या पायरीवर बसले. गुडघ्याला हात लावला तर टरारून सुजलेला. आणि तेलाचा तो वास.

मग एकेक उलगडत गेलं. खाली झोपणं, खाली नेलेले कपडे, बंद झालेलं फिरणं, पिठातलं फरफटलेलं पाऊल. बिजागरी कुरकुरत होती ती हिचीच. पाऊस संपल्यापासून दुखतोय म्हणे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. एवढा मोठा उंदराचा माग काढणारी मी, घरातल्या माणसाचं पाऊल मला वाचता आलं नाही.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही बबडीला सांगितलं असतंत. तुमच्या तोंडात तीळ तरी भिजतो का?"

"आणि उंदीर कुंपणाशी सोडत होतीस ते?"

तिने मान खाली घातली. म्हणाली, पुलापर्यंत पाय नेत नव्हता. पहिल्या दिवशी वाटलं, कुंपणापलीकडे सोडला तरी जाईल कुठेतरी. तो परत आला. मग रोज तोच यायला लागला, आणि तुम्ही रोज रेघ मारून इतक्या खूश व्हायचात, की सांगायचं कसं तेच कळेना.

मी म्हटलं, मला वाटलं तुला जायचंय. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी काहीतरी परक्या भाषेत बोलले. मग म्हणाली, "मला नाही जायचं वन्सं. आधी मला उठवा."

तिला उठवलं. जिना उतरायला आम्हाला जेवणाची वेळ झाली. मध्येच तिला हसू फुटलं, मग मलाही, आणि हसताना गुडघा दुखतो म्हणून ती मला हसू नका म्हणून दटावत होती. खूप दिवसांनी घरात आवाज झाला. इतका आनंद मला चषक जिंकल्यावर झाला नव्हता.

१४ नोव्हेंबर

पिंजऱ्यात अर्थातच कानफाट्या. कोण असणार दुसरं.

वहिनी उठायला लागली. म्हटलं, बस खाली, मी नेते. ती म्हणाली, वन्सं, तुम्ही? मी म्हटलं, त्यात काय.

त्यात काय ते इथे लिहिते, वही आपलीच आहे. भीती वाटते. किळस नाही, भीती. लहानपणापासून. पिंजऱ्याची कडी दोनदा धरली आणि दोनदा सोडली. टॉवेल टाकला, पण टॉवेलाखाली तो हलला की मी एक पाऊल मागे. पिंजरा सायकलच्या पुढच्या टोपलीत ठेवला, शिट्टी तोंडात धरली आणि निघाले. भीती वाटली की शिट्टी मारायची असं ठरवलं होतं. रस्त्याने सारख्या शिट्ट्या. बेकरीवाला दुकानाबाहेर येऊन सावधान उभा राहिला, माझा जुना विद्यार्थी आहे.

पूल लांब आहे. चढही आहे. पुलापलीकडे बंद पडलेली वीटभट्टी लागते, तिच्याही पुढे ओसाड गवताळ जागा, तिथे उतरले. पिंजरा खाली ठेवला, लांब काठीने दार उचललं. कानफाट्या बाहेर येईना. शेंगदाणे संपेपर्यंत बसून राहिला. मग दारात आला, मिशा हलवल्या, आणि माझ्याकडे बघितलं. जवळून बघितलं तर एवढा भयंकर नाही दिसत. फाटका कान ऊन लागून गुलाबी दिसत होता. मी म्हटलं, "जा बाबा आता. आमचं माणूस नेऊ नकोस." तो गवतात शिरला आणि दिसेनासा झाला.

घरी आले तेव्हा वहिनी पुढच्या दारातच बसली होती. म्हणाली, एवढा वेळ?

१९ नोव्हेंबर

एक उंदीर नेऊन सोडला म्हणजे उंदीर संपले असं होत नाही, हे आता मला कोणी शिकवायला नको. आयतं खायला आणि आयतं घर मिळतंय तोवर दुसरा येणार. तेव्हा खरं काम सुरू केलंय.

भिंतीला लावलेला लाकडांचा ढीग उचलून लांब, उंच फळ्यांवर रचला. खाली चिंध्या, पिसं आणि साबणाचे तुकडे यांचं घरटं सापडलं. रिकामं होतं, पण माझा हरवलेला पायमोजा त्यात होता. कोंबड्यांचं खाणं पोत्यात असायचं, ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात भरलं. वहिनी संध्याकाळी कोंबड्यांना पसाभर दाणे जास्तच टाकायची, रात्री ते तसेच पडून राहायचे. ते बंद. मागच्या दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकली. एक खिळा माझ्या अंगठ्यावर बसला. वहिनी खुर्चीत बसून सूचना देत होती. प्रशिक्षक बसून आणि मी मैदानात, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

२३ नोव्हेंबर

चार रात्री पीठ टाकतेय. पिठात काही नाही. झुरळसुद्धा फिरकलं नाही.

२४ नोव्हेंबर

बेकरीवाल्याला बोलावून वहिनीचा पलंग खाली आणला. तो आणल्यावर माझाही आणला. थंडीत दोन मजले तापवत बसायचे कशाला. जिन्याला आधाराचा दांडा बसवून घेतला. वहिनी घोरते हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. सकाळी तिला सांगितलं तर म्हणाली, मी नाही, तुम्हीच घोरता.

२९ नोव्हेंबर

बबडी आली.

चपला काढायच्या आधी तपासणी. फळ्यांवरचे डबे हलवले, फ्रिजच्या मागे बॅटरी मारली, मोरीतला साबण उचलून चारी बाजूंनी पाहिला. लाकडांच्या ढिगाला लाथ मारून पाहिली. नंतर खुर्चीत बसली आणि म्हणाली, आत्या, मानलं तुला. दारावरच्या रेघा बघून तर म्हणाली, एवढे सगळे पकडलेस? मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीने खिडकीबाहेर. मी म्हटलं, हो, एकेक करून.

इथेच थांबलो असतो तर जिंकलोच होतो. पण चहा झाल्यावर वहिनी उठली, भिंतीला हात न लावता चार पावलं चालली, आणि तिचा पाय कसा पडतो ते लेकीला दाखवलं. मग सगळं सांगितलं. आम्ही तसं आधी ठरवलं नव्हतं. मला म्हणाली, उंदीर लपवता येतो, गुडघा किती दिवस लपवू.

बबडीचा चेहरा बदलला. तिने आईचा गुडघा हातात घेतला आणि तशीच फरशीवर बसून राहिली. मग हळूच म्हणाली, म्हणजे उंदीर नसले तरी तुला न्यायलाच हवं.

मी काय काय बोलायचं पाठ केलं होतं. जिन्याचा दांडा, खाली आणलेले पलंग, मोठा दवाखाना किती जवळ आहे, सगळं. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"नेऊ नकोस तिला," मी म्हटलं. "मला करमणार नाही."

बबडी आईचा गुडघा सोडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आत्या, मी दोन वर्षं आईला विचारतेय, येतेस का. कधी म्हणते वन्संना त्यांचा स्वेटर सापडत नाही. कधी म्हणते त्यांना धड चहा जमत नाही. या वेळी म्हणाली, वन्सं उंदराला घाबरतात, त्यांना टाकून कशी येऊ."

"किळस," मी म्हटलं. "भीती नाही."

दोघी मायलेकी इतक्या हसल्या की वहिनीला उचकी लागली. मी नाक पुसायला मोरीत गेले. सर्दी आहे अजून.

बबडी आठवडाभर राहणार आहे. उद्या वहिनीला दवाखान्यात नेणार. तिचा पलंग वर आहे, एकटीचा. रात्री जिन्यातून विचारत होती, वर उंदीर नाहीत ना नक्की?

३ डिसेंबर

डॉक्टरांनी गुडघ्याचे फोटो काढले. झीज आहे, पण चिरफाड लगेच नको म्हणाले. गोळ्या, काठी, आणि रोज व्यायाम. व्यायाम नेमाने करून घेणारं कोणी घरात आहे का, असं त्यांनी विचारलं. बबडीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी गळ्यातली शिट्टी दाखवली. डॉक्टर म्हणाले, बिचारा गुडघा.

बबडीने अट घातलीय की दर रविवारी फोनवर वहिनीने चालून दाखवायचं. सुधारणा दिसली तर पुन्हा न्यायचा विषय नाही. मंजूर.

दारावरच्या उंदराच्या रेघा ओल्या फडक्याने पुसून टाकल्या. दार आता वहिनीच्या चालण्यासाठी.

८ डिसेंबर

खुराड्यापर्यंत. एक रेघ. "शिट्टी हळू वाजवा, कोंबड्या बुजतात," अशी तक्रार.

१५ डिसेंबर

कुंपणापर्यंत. त्या दगडापाशी ती थांबली आणि लाकडांच्या ढिगाकडे बघून म्हणाली, कसा असेल हो तो? मी म्हटलं, मजेत असेल, आपल्यापेक्षा जाड. मला त्याची आठवण येते असं मात्र कोणी समजू नये. रात्री आमिषाच्या डब्यातले शेंगदाणे आम्ही दोघींनी बसून संपवले.

२२ डिसेंबर

बेकरीपर्यंत. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या आणि खुर्ची बाहेर आणली. वहिनी बसली नाही. बसले तर उठायला लावतील, म्हणाली, माझ्याकडे बघून.

५ जानेवारी

आज पूल.

ऊन चांगलं होतं. वहिनीच्या एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. चढावर दोनदा थांबलो. मी शिट्टी खिशात ठेवली होती, आज गरज वाटली नाही. पुलाच्या कठड्याला हात लागला तशी ती तिथेच टेकली, धापा टाकत. खाली पाणी, पलीकडे वीटभट्टी, तिच्यापुढे गवत. बराच वेळ मागे वळून आमच्या घराकडे बघत होती. इथून ते केवढंसं दिसतं.

"वन्सं," ती म्हणाली, "मी रोज येऊन जायचे म्हणून सांगत होते, त्या मानाने फार लांब आहे हो हा पूल."

मग दोघींनाही हसू आवरेना. येणारे-जाणारे बघत होते. परतताना खूप वेळ लागला, चहाची वेळ टळून गेली, पण घाई कोणालाच नव्हती. दारावरची रेघ आज तिने स्वतः मारली, चांगली लांबलचक, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत.